चाळीस माणसं, एक दुर्बीण आणि वर ढग

*नमस्कार काका. मी सांगलीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या मे महिन्यात स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून 6 इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली. खोका घरात आला आणि आभाळ भरून आलं ते आलंच. 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाला सोसायटीतल्या सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. चाळीसेक माणसं आली, चहा झाला. रात्री एकपर्यंत चंद्राचा ठिपकासुद्धा दिसला नाही. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, दुर्बीण उलटी तर लावली नाही ना?" सगळे हसले. सहावीतल्या मुलीनं वहीत नोंदींसाठी रकाने आखले होते, ते कोरेच राहिले. सासऱ्यांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. आता मी दिवसातून वीस वेळा फोनवर हवामान बघते. अ‍ॅप सांगतं निरभ्र, वर बघावं तर राखाडी. रात्री दोनला उठून गच्चीवर जाते, म्हणून घरात कुरबुर. भाऊबीजेला माहेरी आटपाडीला गेले, पण दुर्बीण नेलीच नाही, कशाला ओझं. विकून टाकू का?*

*— एक शिक्षिका, सांगली*

ताई,

विकू नका. निदान होळीपर्यंत तरी नको.

जागेअभावी तुमचं पत्र वर कापून छापावं लागलं. मूळ पत्रात ढगांबद्दल चार ओळी आहेत आणि 'दुर्बीण उलटी तर लावली नाही ना' म्हणणाऱ्या गृहस्थांबद्दल अकरा. तुम्ही मोजल्या नसतील, मी मोजल्या. त्यामुळे आधी त्या रात्रीचं बोलू, हवामानाचं मागाहून.

22 जुलै 2009 ला खग्रास सूर्यग्रहण होतं. सुरतेतून दिसणार होतं आणि आम्ही साताऱ्याहून सहाजण रेल्वेनं तिकडे गेलो होतो. ऐन पावसाळा. जाऊ नका म्हणणारे होते, त्यांचं ऐकलं नाही. पहाटेपासून वर गोधडी पांघरल्यासारखं आभाळ. सूर्य दिसला नाही तो नाहीच. पण वेळ झाली आणि अंधार आला. पश्चिमेकडून कुणी दिवे मालवत यावं तसा आला, तीनेक मिनिटं थांबला आणि निघून गेला. कावळे गप्प झाले होते. आमच्यातला एक जण परतीच्या गाडीत वसईपर्यंत बोलला नाही. मी मात्र घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो की ग्रहण 'पाहिलं'. बायको म्हणाली, अंधार तर इथेही रोज होतो. तेव्हा ताई, हसणारी माणसं प्रत्येक घरात असतात. तुमच्याकडे ती एकदम चाळीस जमली, एवढाच फरक.

चूक एकच झाली आणि ती सुधारण्यासारखी आहे. लोकांना तुम्ही चंद्र दाखवायला बोलावलंत. आपल्याकडे कोजागरीची रीत बघा. बोलावणं असतं मसाला दुधाचं. चंद्र दिसला तर त्याला नैवेद्य, नाही दिसला म्हणून कुणी दुधाचा पेला परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुढच्या वेळी निरोप असा द्या: शनिवारी गच्चीवर मिसळ आहे, आभाळ मोकळं असलं तर शनी दाखवीन. आणि 1 जून ते दसरा या काळात तसलाही निरोप नको. आणखी एक, 3 मार्च 2026 ला, होळीच्या सुमारास, पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे. त्याला चुकूनही कुणाला बोलावू नका. आपल्याकडे चंद्र उगवेल तेव्हा ग्रहण संपत आलेलं असेल, पावणेसातच्या सुमारास सुटेलसुद्धा. क्षितिजावरच्या धुरळ्यात काही दिसायच्या आत लोक घरी जातील. बोलवायचंच असेल तर 31 डिसेंबर 2028 ची रात्र राखून ठेवा. पावणेदहा ते अकराच्या दरम्यान खग्रास स्थिती, चंद्र चांगला वर आलेला, डिसेंबरातलं आभाळ आणि लोक एरवीही जागेच असतात. त्या उलट्या दुर्बिणीवाल्या गृहस्थांना पहिलं आमंत्रण.

आता हंगामाचं. तुम्ही मेमध्ये दुर्बीण घेतलीत. यंदा तर मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात आला. म्हणजे छत्री मार्चमध्ये घेतल्यासारखंच झालं, फक्त उलटं. नवीन दुर्बीण घेतली की ढग येतात असा एक विनोद जगभरच्या आकाशनिरीक्षकांत आहे, पण आपल्याकडे त्यात विनोदाचा भाग थोडा आणि पंचांगाचा जास्त. तुम्ही ज्या चित्रफिती बघून शिकताय त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेल्या असतात. ते ऑगस्टमध्ये पर्सिड उल्कावर्षावाचं एवढं कौतुक करतात की आपल्यालाही वाटतं, गेलं काहीतरी. त्यांचा ऑगस्ट म्हणजे उबदार कोरडी रात्र, आपला ऑगस्ट म्हणजे छपरावर पत्रे वाजतायत. गेल्या तीस वर्षांत साताऱ्यातून पर्सिड पाहायचा मी नाद केला नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मोठ्या वेधशाळासुद्धा पावसाशी भांडत नाहीत. पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलसंशोधन संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण आहे, पावसाळ्यात तीही बंद असते. जिथे पगारी शास्त्रज्ञ कुलूप लावतात तिथे तुम्ही रात्री दोनला उठून गच्चीवर कशाला जायचं?

आपला हंगाम दिवाळी ते होळी. त्यानंतर पाचट पेटतं, डोंगरावर वणवे लागतात, हवेत धूळ चढते, आभाळ निरभ्र असूनही मळकट दिसतं. पण एप्रिल-मेमध्ये एक गंमत असते, ती सोडू नका. दुपारी ढग जमतात, संध्याकाळी वळीव कोसळतो आणि रात्री अकरानंतर पुष्कळदा आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं निघतं. जमीन थंडावली की ते ढग आपोआप विरतात, पावसानं धूळ खाली बसलेली असते. अशा रात्री मी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून वृश्चिकेची शेपटी पाहिली आहे, ती वर्षात पुन्हा तशी दिसली नाही.

आणि जागेचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि तुम्ही पत्रात ते जाता जाता लिहून गेलात. आटपाडी!

सह्याद्रीच्या या बाजूला ढगांचा हिशेब पश्चिम-पूर्व असा असतो. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास, मध्ये अंतर शंभर किलोमीटर धरा. समुद्रावरून आलेला ओला वारा घाटमाथा चढतो, गार होतो, ढग तिथेच रिकामे होतात आणि उरलेसुरले खाली उतरताना विरत जातात. लोक मला कास पठार सुचवतात. काळोख आहे म्हणून. सप्टेंबरात काससारखं फसवं ठिकाण नाही, धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, फुलं मात्र बघून या. त्याच रात्री माणमधल्या दहिवडीला ढग फाटलेले असतात. तुमच्याकडे तेच, पश्चिमेला ओला शिराळा आणि पूर्वेला कोरडे आटपाडी-जत. ज्या कोरडेपणापायी तुमच्या माहेरच्या माणसांनी टँकरची वाट पाहिली असेल, तोच कोरडेपणा तारे बघणाऱ्याच्या पदरात पडतो. हे लिहिताना जरा अपराधी वाटतं, पण खरं आहे.

सांगलीचं आभाळ वाईट नाही, ओलं आहे. कृष्णा आहे, हरिपूरला वारणा मिळते, सगळीकडे पाणी पाजलेला ऊस. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर धुकं उठतं आणि दुर्बिणीच्या नळीवरून दहिवर ओघळतं. म्हणून सांगलीतून जे काय बघायचं ते रात्री अकराच्या आत. दोनला उठणं आजपासून बंद करा. तुमच्या यजमानांची बाजू मी घेतोय असं समजा हवं तर.

अ‍ॅपबद्दल तुमचा राग रास्त आहे, पण अ‍ॅप खोटं बोलत नाही, त्याला खालचं कमी दिसतं. इन्सॅट-3डीआर आणि 3डीएस या आपल्या उपग्रहांची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दर अर्ध्या तासाला येतात. रात्री उपग्रहाला उजेड नसतो, तो ढग ओळखतो उष्णतेवरून. उंचावरचा ढग बर्फासारखा गार, खाली जमीन उबदार, फरक मोठा, म्हणून तो चित्रात पांढराशुभ्र उठून दिसतो. पण जमिनीपासून किलोमीटरभरावर पसरलेल्या ढगाच्या थराचं तापमान जमिनीपेक्षा फारसं वेगळं नसतं. तो चित्रात जमिनीतच मिसळून जातो. नेमका तोच तुमच्या गच्चीवर येऊन बसलेला असतो. त्यात अ‍ॅपमधला अंदाज म्हणजे गणित, आणि काही गणितांतला एकेक चौकोन एवढा मोठा असतो की त्यात सांगली-मिरज दोन्ही मावतात. तेव्हा खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दाखवणारा अंदाज निवडा. खालचे जास्त असतील तर गाशा गुंडाळा. वरचे पिंजलेल्या कापसासारखे असतील, चंद्राला खळं पडलं असेल, तरी चंद्र आणि ग्रह मजेत दिसतात, फक्त अंधुक दीर्घिकांच्या मागे लागू नका.

आणि हे दिवसातून दोनदाच बघायचं. संध्याकाळी पाचला एकदा, जेवण झाल्यावर एकदा. दुसऱ्यांदा बघितल्यावर जायचं की नाही ते ठरवून फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. ठरल्यानंतर आभाळ उघडलं तर उघडू दे. माझ्या कितीतरी चांगल्या रात्री मी अशा झोपेत घालवल्या आहेत आणि सकाळी शेजाऱ्यानं सांगितल्यावर नुसतं 'हो का' म्हणालो आहे.

खरं तर तुमच्या घरात माझ्यापेक्षा मोठा जाणकार बसला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आली की द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो. डावणी येईल, भुरी येईल, असल्या रोगांवर आत्ता फवारणी की उद्या पहाटे? तुमचे सासरे रात्री उठून आभाळ बघत असतील तेव्हा त्यांना कुणी वेड्यात काढलं नसेल. वारा कुठला आहे, ढग कुठून सरकतायत, पहाटे दहिवर किती पडेल, हे त्यांना वासावरून कळत असेल. तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? 'पैसे पाण्यात' म्हणणाऱ्या माणसाला दुर्बिणीचं महत्त्व पटवत बसू नका. संध्याकाळी चहा देताना एवढंच विचारा, "आज ढग उठतील का हो?" त्यांचा अंदाज मुलीला वहीत लिहायला सांगा, शेजारी अ‍ॅपचा, आणि रात्री खरं काय झालं ते. महिन्याभरात कोण जिंकतं ते दिसेल. मी पैज सासऱ्यांवर लावीन.

त्या वहीचं मला फार वाईट वाटलं. कोरे रकाने. मुलीला सांगा, 'ढग' हीसुद्धा नोंद आहे. तारीख, वेळ, आभाळाचा कितवा हिस्सा झाकलेला, वारा कुठून. दोन-तीन वर्षं नीट लिहिलं तर सांगलीच्या तुमच्या गच्चीवरून कुठल्या महिन्यात किती रात्री मिळतात हे तिला कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चांगलं सांगता येईल.

शिवाय फटी असतात. (7 सप्टेंबरला साताऱ्यात मला साडेअकराच्या सुमारास ढगाच्या फटीतून तो तांबडा चंद्र मिनिटभर दिसला. हे सांगणार नव्हतो.) फटीत बघायचं काम दुर्बिणीचं नाही, ती बाहेर काढून लावेपर्यंत फट मिटते. नुसत्या डोळ्यांनी बघण्यासारखं एक आहे. सध्या संध्याकाळी डोक्यावर देवयानी असते, तिच्या ईशान्येला ययाती. ययातीत अल्गॉल नावाचा तारा आहे. एरवी तो देवयानीतल्या अल्माक या ताऱ्याएवढाच तेजस्वी असतो, पण दर 2 दिवस 21 तासांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्या पुढून जातो आणि काही तास तो ठळकपणे मंदावतो. मुलीनं फट मिळेल तेव्हा वर बघायचं आणि लिहायचं: सारखा की मंद. दहा सेकंदांचं काम. एक दिवस तो मंद सापडला की धावत तुमच्याकडे येईल. या अल्माककडे दुर्बीण वळवलीत तर तो एकाचे दोन होतो, एक सोनेरी, एक निळसर, आणि हे पातळ ढगातूनही दिसतं.

आणखी एक, पुस्तकातून पटकन कळत नाही असं. वळीव पडून गेल्यावर किंवा वारा सुटल्यावर आभाळ काळंभोर, तारे लखलखतायत, आपण खूश होऊन गुरूकडे दुर्बीण लावावी तर गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा. तारे लुकलुकतात म्हणजे वरची हवा हलतेय. उलट सांगलीतल्या मळकट, दमट, वारा पडलेल्या रात्री, ज्या बघून तुम्ही दार लावून घेता, तेव्हा ग्रह पुष्कळदा चित्रासारखे स्थिर असतात. अशा रात्री शनी बघा. यंदा त्याची कडी जवळजवळ काठावरून दिसतायत, नुसती सुईसारखी रेघ. पुढच्या काही वर्षांत ती पुन्हा उघडत जातील आणि मुलीच्या वहीत हा बदल राहील.

दुर्बीण सांभाळायचं थोडक्यात. पावसाळ्यात ती खोक्यात फोममध्ये बंद करून ठेवली असेल तर आज बाहेर काढा. दमट हवेत आरशापेक्षा आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, बुरशी लवकर धरते आणि एकदा काचेवर जाळं धरलं की निघता निघत नाही. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, दाण्यांचा रंग बदलला की नवीन पुड्या. दहिवरानं भिजलेली दुर्बीण लगेच झाकू नका, घरात आणून रात्रभर उघडी वाळू द्या. आरसा कापडानं पुसायचा नाही. धूळ दिसली तरी नाही.

आता कामाचं बोलतो. 13 डिसेंबर 2025, शनिवार. सकाळची शाळा आटपली की दुपारी आटपाडी गाठा, दुर्बीण मागच्या सीटवर आडवी बसते. त्या रात्री आणि पुढच्या रात्री मिथुन राशीतून जेमिनीड उल्का पडतात, वर्षातला बहुधा सगळ्यात भरवशाचा उल्कावर्षाव, आणि तो नेमका आपल्या कोरड्या हंगामात येतो. चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवेल. नऊनंतर अंगणात किंवा गच्चीवर गोधडी टाकून पडा, उल्कांना दुर्बीण लागत नाही. मिथुनेतच गुरू असेल, मध्येच उठून त्याचे चार चंद्र बघता येतील. तिथेही ढग आले तर दुसरी रात्र आहे, तीही गेली तर माहेरपण झालं.

सासऱ्यांना सोबत घ्या. बागेत फवारणी असली तर येणार नाहीत, पण विचारा. त्यांना घोंगडं लागेल. आणि भावाला आधीच फोन करून सांगून ठेवा, पाण्याच्या टाकीवरचा तो मोठा एलईडी दिवा त्या रात्री बंद पाहिजे. प्रत्येक गच्चीवर एक असतोच.